स्टेशनपासून गंगेपर्यंत : नाशिकरोडचे तीन दिवस

नाशिकरोड हे माझं आजोळ. लहानपणी मे महिन्यात तिथे राहायला गेलो की आजी एखाद्या सकाळी म्हणायची, "आज नाशिकला जाऊन येऊ." मी गोंधळून जायचो. मग आत्ता आपण कुठे आहोत? आजीच्या लेखी नाशिक म्हणजे गंगा (म्हणजे गोदावरीच), काळाराम, मेन रोड आणि भांडी बाजार. आम्ही राहायचो ते 'रोड'. तिथे स्टेशन, नोटांची प्रेस, जेल आणि बिटको चौक. दोन्ही गावांच्या मध्ये बसने अर्धा तास आणि बराचसा उजाड रस्ता.

यंदा आषाढ संपता संपता तीन दिवसांची रजा मिळाली. देवदर्शन नाही, द्राक्षांच्या वाइनरी नाहीत. फक्त रेल्वे, कारखाने आणि ती मधली आठ-नऊ किलोमीटरची जागा बघायची, असं ठरवून निघालो. बायको म्हणाली, "म्हणजे मामांकडे जाऊन जेवायचं, असं सरळ सांग ना." तेही खोटं नव्हतं.

दिवस पहिला : मागून ढकलत

कल्याणहून सकाळची तपोवन पकडली. घाट उजेडात बघायचा तर हीच गाडी बरी. आसनगाव मागे पडलं तसे डोंगर जवळ येत गेले आणि कसाऱ्याला गाडी थांबली. डब्यातल्या नेहमीच्या लोकांनी मानही वर केली नाही. मी मात्र चहाचा कप हातात धरून दारात गेलो, कारण मागून बँकर (घाटात गाडी ढकलणारं जादा इंजिन) लागतो तो क्षण मला बघायचा होता.

दोन विजेची इंजिनं जोडीने, चालत्या माणसाच्याही निम्म्या वेगाने, शेवटच्या डब्याकडे सरकत आली. खाली उभा असलेला माणूस हिरवा झेंडा हलवत होता. मग एक बोदा 'धप्प' आवाज आला, तो सगळ्या गाडीतून पुढे पळत गेला आणि माझ्यापर्यंत पोचला. अर्धा चहा शेजारी उभ्या असलेल्या निफाडच्या काकांच्या धोतरावर सांडला. "बँकर लागला म्हणजे कप खाली ठेवायचा असतो," ते शांतपणे म्हणाले. चाळीस वर्षांचा अनुभव त्या वाक्यात होता. मी रुमाल पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

कसारा ते इगतपुरी अंतर पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर, पण तेवढ्यात गाडी तीनशे मीटर चढते. चढ ३७ ला १. म्हणजे ३७ फूट पुढे गेलात की एक फूट वर. पायी जाणाऱ्याला हा चढ जाणवणारही नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक असताना तो फार होतो. एकटं पुढचं इंजिन भरलेली गाडी ओढायला गेलं तर चाकं जागच्या जागी फिरतील. म्हणून मागून ढकलायचं. याचा दुसराही फायदा आहे. कुठे कपलिंग तुटलंच, तर सुटलेले डबे घाट उतरत पळत नाहीत, मागची इंजिनं त्यांना धरून ठेवतात.

जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती १६ एप्रिल १८५३ ला, हे शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं असतं. पण कंपनीचा खरा डोळा होता घाटावरच्या कापसावर. खानदेश-वऱ्हाडातला कापूस बंदरापर्यंत आणायचा तर सह्याद्री ओलांडणं भाग होतं. रूळ कसाऱ्यापर्यंत पोचले १८६१ मध्ये. वरच्या पंधरा किलोमीटरला आणखी चार वर्षं लागली; १८६५ च्या आरंभी थळ घाट खुला झाला. मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली तोवर हयात नव्हता. १८६२ मध्येच तो इंग्लंडात वारला. आणि ज्यांनी बोगदे फोडले, दगड वाहिले, पटकी आणि तापाने ज्यांच्या वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या, त्यांची नावं तर कुठल्या दगडावर कोरलेलीही नाहीत.

सुरुवातीच्या आखणीत एवढा चढ सरळ घेणं जमेना, म्हणून घाटात मध्येच एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जायचं आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. जिना चढताना मधल्या पायरीवर वळतो तसं. पुढे नवी आखणी झाली आणि ते गेलं.

बोगद्यात शिरलो तशी डब्यातली पोरं ओरडायला लागली. पोरं आजही बोगद्यात ओरडतात, ही गोष्ट मला उगाचच बरी वाटली. मग एहेगावचा पूल आला. खाली सुमारे १८० फूट खोल दरी, तिच्यात ढग शिरलेले, आणि कड्यावरून इतके धबधबे उतरत होते की मोजायचे सोडून दिले. निफाडकर काका आता झोपले होते.

इगतपुरीला बँकर सुटले. आज हा थांबा काही मिनिटांचा असतो. माझ्या लहानपणी मात्र इगतपुरी म्हणजे निवांत प्रकरण होतं, कारण तिथे इंजिनच बदलायचं. घाटाची वीज होती १५०० व्होल्टची डीसी, १९३० च्या आसपासची; पुढे भुसावळकडे २५ हजार व्होल्टची एसी. एका विजेचं इंजिन दुसरीवर चालत नसे. २००६ च्या सुमारास घाटही एसीवर गेला आणि तो खोळंबा संपला. तोवर आई फिरकी उघडून तांब्या भरून आणायची, मी वडापाव मागायचो आणि गाडी तरीही सुटायची नाही.

डीसीच्या जमान्यातलं घाटातलं प्रसिद्ध इंजिन म्हणजे 'खेकडा'. परदेशात त्याच्या भावंडांना मगर म्हणतात, पण आपल्या लोकांना त्यात खेकडा दिसला. मधे कॅब, पुढे-मागे लांबट नाकं आणि चाकांना जोडणारे आडवे दांडे. ते दांडे वरखाली होत इंजिन चढायला लागलं की खेकडा तिरका तिरका चालतोय असंच वाटे, असं मामा सांगतात. मी ते चालताना पाहिलं नाही. मला मगरीपेक्षा खेकडाच जास्त पटतो.

इगतपुरीच्या पुढे घोटी, भाताच्या गिरण्यांचं गाव. खाचरांत पाणी साचलेलं, लावणी चालू. मग पाडळी, अस्वली, लहवित अशी लहान लहान स्टेशनं, आणि देवळाली. इंग्रजी बोलणारे लोक डोकं फिरलेल्याला 'डुलाली' म्हणतात, तो शब्द या स्टेशनाचा. १८६१ पासून इथे गोऱ्या सैनिकांचा तळ होता. नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन् महिने इथे पडून राहायचे. उकाडा, ताप, दारू आणि काम काही नाही. त्यात माणसाचं जे होतं त्याला त्यांनी या गावाचं नाव दिलं. बिचाऱ्या देवळालीचा यात काय दोष! अलीकडे तिच्या नावावर एक चांगली गोष्टही जमा झाली. देशातली पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहूनच बिहारमधल्या दानापूरला सुटली.

नाशिकरोडला उतरलो तेव्हा भुरभुर चालू होती. मुंबईपासून १८८ किलोमीटर. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला 'रोड' हा शब्द आपण सवयीने वाचतच नाही. वसई रोड, अक्कलकोट रोड, नाशिक रोड. सगळ्याचा अर्थ एकच : गाव इथे नाही, उतरा आणि रस्त्याने जा. घाट चढून आलेल्या रुळांनी खानदेशाची वाट धरली आणि देवांच्या नाशिकला आठ-नऊ किलोमीटर बाजूला ठेवलं. त्या अंतराने पुढे किती काय घडवलं, ते उद्या.

संध्याकाळी मामींनी मूगडाळीची खिचडी आणि कढी केली. मामा नोट प्रेसमधून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजूनही सकाळी साडेपाचला उठतात. "फर्स्ट शिफ्ट," मामी म्हणाल्या, "अंगातून गेलीच नाही."

दिवस दुसरा : भिंतीबाहेरून प्रेस, आणि नदीकाठची राख

प्रेसच्या आत जाता येत नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे निराशा नको. भिंत, भिंतीवर तारा, कोपऱ्यावर बुरूज आणि फोटो काढायला बंदी. मी फाटकासमोर जरा रेंगाळलो तर मामांनीच दंडाला धरून पुढे ओढलं. "इथे उभं राहायचं नसतं. मी तीस वर्षं आत गेलो, पण बाहेर कधी उभा राहिलो नाही."

तर भिंतीबाहेरची गोष्ट. १९२० च्या दशकापर्यंत आपली टपाल तिकिटं लंडनला छापली जायची, डे ला रू कंपनीकडे, आणि नोटा बँक ऑफ इंग्लंडकडे. कागद बोटीने यायचा तो राजाचा चेहरा उमटूनच. मग सरकारने ठरवलं की हे काम इथेच करायचं. १९२४ मध्ये नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेसची उभारणी सुरू झाली, पुढच्या एक-दोन वर्षांत तिकिटं बाहेर पडू लागली, आणि १९२८ मध्ये नोटाही. पहिली नोट पाच रुपयांची. मुंबईहून रात्रीत पोचता येईल, पण मुंबईच्या गर्दीपासून लांब, आणि दाराशी हिंदुस्थानभर जाणारी रेल्वे. नाशिक 'गावात' असली जागा कुठून मिळणार? ती मिळाली स्टेशनच्या शेजारच्या माळावर. नेहरूनगरच्या वसाहती, जेलरोडच्या चाळी, गांधीनगरचा सरकारी छापखाना हे सगळं मग त्यामागून आलं.

नेहरूनगरच्या झाडांखालून चालताना मामा बोलत होते. प्रेसवाल्यांना दोन गोष्टींची सवय असते, मोजायची आणि न बोलायची. त्यामुळे त्यांच्याकडून काही काढायचं तर चहा लागतो. टपरीवर बसलो. मी खिशातून शंभराची नवीकोरी नोट काढली. मामांनी ती घेतली, डोळे मिटले आणि अंगठा हळूच फिरवला.

"हे बघ, इथे हाताला लागतंय ना? हे इंटॅग्लिओ. प्लेटवर रेघा खोल कोरलेल्या असतात. शाई त्या खोबणीत भरायची, वरची पुसून टाकायची, आणि मग कागद असा दाबायचा की तो खोबणीत शिरून शाई उचलतो. म्हणून शाई कागदावर उभी राहते. झेरॉक्स कितीही भारी काढ, उभी राहणार नाही." मग त्यांनी नोट उजेडात धरली. पाण्यातला गांधी, म्हणजे वॉटरमार्क, कागद बनतानाच आत आलेला असतो. तो इथला नाही. होशंगाबादची सिक्युरिटी पेपर मिल १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली, तिथला कागद. त्याआधी कागदही परदेशाचाच. पहिल्यांदा पार्श्वभूमीचा रंग, मग इंटॅग्लिओ, मग नंबर, मग कटाई. पूर्ण शीट असते तोवर ती नोट नाही, नुसता छापलेला कागद. "आणि मोजणी. एक शीट जरी कमी लागली तरी कुणी घरी जायचं नाही. जेवणाचा डबा गार होऊ दे, पोराची मुंज असू दे. शीट सापडेपर्यंत बसायचं. खराब झालेल्या शीटचाही हिशोब चांगल्या शीटइतकाच."

"कधी वाटलं नाही का, मामा, एवढे पैसे डोळ्यांसमोर…"

"पैसे नव्हतेच ते. माल होता." असं म्हणून त्यांनी नोट माझ्या हातात दिली आणि चहाचे पैसे मीच द्यावेत असं बघितलं.

मला या प्रेसमधल्या नोटांपेक्षा तिकिटांचं कौतुक जास्त. लहानपणी माझ्याकडे बिस्किटांच्या डब्यात तिकिटं होती. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, साडेतीन आण्याचं, तिरंगा आणि 'जय हिंद' लिहिलेलं, २१ नोव्हेंबर १९४७ चं, ते इथलं. पण पुढच्याच वर्षी गांधीजींची तिकिटं मात्र स्वित्झर्लंडला छापून घ्यावी लागली. तसल्या मऊ छायाप्रकाशाच्या छपाईची, फोटोग्राव्ह्युअरची, यंत्रं इथे नव्हती. ती आली आणि १ ऑक्टोबर १९५२ ला संत आणि कवींची सहा तिकिटं निघाली : कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, टागोर. त्यातला एक आण्याचा तुलसीदास माझ्या डब्यात होता. कुठे गेला कुणास ठाऊक.

फाळणीचाही एक धागा या भिंतीत अडकलेला आहे. नव्या पाकिस्तानकडे स्वतःचा छापखाना नव्हता. म्हणून १९४८ मध्ये तिकडे ज्या नोटा चालल्या त्या रिझर्व्ह बँकेच्याच होत्या, इथेच छापलेल्या, वर 'पाकिस्तान सरकार' असा इंग्रजी-उर्दू शिक्का. राजा जुना, बँक हिंदुस्थानची आणि सरकार तिसरंच. मामांना हे ठाऊक होतं, पण त्यांनी नुसतं "हो, ऐकलंय" म्हटलं. सवय.

टपरीवरून उठलो आणि बिटको चौकात आलो. मुंबईत चौकांना पुढाऱ्यांची नावं असतात. नाशिकरोडच्या सगळ्यात गजबजलेल्या चौकाला दातांच्या काळ्या पावडरीचं नाव आहे. बिटको हा इथल्या दंतमंजनाचा ब्रँड. त्याच घराण्याने पुढे शाळा-कॉलेजांना देणग्या दिल्या आणि मुक्तिधामचं मकराण्याचं पांढरंशुभ्र देऊळही बांधलं. कुणी पत्ता विचारला तर सांगायचं, "बिटकोपासून डावीकडे." एखाद्या कारखान्याला गावात याहून मोठा मान काय मिळणार?

दुपारी मामांची स्कूटर घेऊन एकलहऱ्याला गेलो. मामी "पावसात कुठे राख बघायला चाललात" म्हणत होत्या, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र १९७० च्या सुमारास सुरू झालं. पहिले दोन लहान संच आता बंद झाले आहेत. नंतर आलेले २१० मेगावॉटचे तीन आहेत. कोळसा येतो रेल्वेने, पाणी घेतात गोदावरीचं. म्हणजे इथे रूळ आणि नदी एकमेकांना खरोखर भेटतात. नाशकातली गोदावरी दिवे सोडण्याची, अस्थी विसर्जनाची. इथली गोदावरी बॉयलरला पाणी पाजणारी. पावसाने चिमण्यांच्या खालचा रस्ता काळपट राखाडी चिखलाचा झाला होता. कोळशाची एक रेक उभी होती, वाघिणी मोजायला लागलो, चाळीसच्या पुढे मोजणी चुकली. मी काही प्रेसवाला नाही.

याच पट्ट्यात रेल्वेची कर्षण यंत्रांची कार्यशाळा आहे. विजेच्या इंजिनांची मोठी मोटर, जी प्रत्यक्ष चाक फिरवते, ती थकली की इथे आणून उघडतात, गुंडाळी बदलतात आणि परत पाठवतात. काल घाटात ज्या बँकरने मला ढकललं त्याच्या पोटातली मोटर कदाचित इथूनच दुरुस्त होऊन गेली असेल, असं मनात आलं. मामांना सांगितलं तर म्हणाले, "असेल. रेल्वेत सगळं फिरून फिरून तिथेच येतं."

मग ओढा गावाकडे, पूल बघायला. नाशिकरोड सोडून मनमाडकडे निघालेली गाडी इथे आसपास गोदावरी ओलांडते. नदी गढूळ, चहाच्या रंगाची, भरून चाललेली. वाहत आलेल्या फांद्या पुलाच्या खांबांना अडकून मग सुटत होत्या. आम्ही शेताच्या बांधावर स्कूटर लावून थांबलो. वीस मिनिटं काहीच आलं नाही. एक बकऱ्या वळणारा मुलगा येऊन आमच्याकडे बघत राहिला, आपल्याकडे बघण्यासारखं काय आहे असं त्याला वाटलं असावं. मग एक लांबलचक मालगाडी आली. गाडीत बसून आपण पुलावरून जातो तेव्हा नुसता 'खडखडखड' ऐकू येतो. खालून तो आवाज वेगळा असतो. आधी नदीवरून घुमत येतो, मग डोक्यावर कोसळतो, मग गाडी गेल्यावरही पुलाच्या लोखंडात थोडा वेळ कुरकुरत राहतो. बकरीवाल्या पोराने बोटांनी डबे मोजले. "अठ्ठावन्न," तो म्हणाला. मामांनी त्याला मान डोलावून दाद दिली, मला काल-परवा मिळाली नव्हती तेवढी.

परतताना जेलरोडच्या बाजूने दसकच्या घाटावर पाच मिनिटं उभे राहिलो. सिंहस्थासाठी बांधलेल्या पायऱ्या पाण्याखाली होत्या. कुंभातली माणसं येतात ती बहुतेक रेल्वेनेच, नाशिकरोडला उतरून. म्हणून स्नानाची गर्दी वाटून द्यायला घाटही स्टेशनजवळ आला.

दिवस तिसरा : ट्रामच्या मागे चालत

आज 'नाशिकला' जायचं होतं. आजीच्या शब्दांत.

कल्पना अशी होती : १८८९ च्या सुमारास नाशिक गाव आणि स्टेशन यांना जोडणारी एक ट्राम निघाली होती. घोड्यांची. चार घोडे, दोन डबे, अडीच फुटी रूळ. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून निघायची, गंजमाळवरून स्टेशनापर्यंत जायची. तेव्हा गंजमाळला झाडी होती म्हणतात. आज तिथे दुकानं, सिग्नल आणि हॉर्न. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली, तोटा सोसवेना म्हणून. चाळीसेक वर्षं तरी माणसं रेल्वेतून उतरून त्या ट्रामने देवाला जायची. मी ठरवलं, बसने गावात जायचं आणि परत येताना ट्रामचा मार्ग पायी तुडवायचा.

सकाळी मेन रोडवर जुन्या नगरपालिकेसमोर उभा राहिलो. इमारत अजून आहे, दगडी, मजबूत, आजूबाजूच्या फलकांनी झाकलेली. रुळाचा तुकडाही कुठे दिसला नाही. ज्या दुकानदाराला विचारलं त्याने "ट्राम? इथे?" म्हणून शेजाऱ्याला हाक मारली, शेजाऱ्याने आणखी एकाला, आणि पाच मिनिटांत तिथे चार जणांची चर्चा सुरू झाली ज्यात प्रत्येकाच्या आजोबांनी ट्राम पाहिलेली होती आणि प्रत्येकाची ट्राम वेगळ्या रस्त्याने जात होती.

तिथून तांबट आळीत गेलो. रेल्वेच्या आधीचा नाशिकचा कारखाना म्हणजे हाच. आवाजानेच कळतं कुठे वळायचं ते. आता पूर्वीसारखी सगळी आळी वाजत नाही, मधूनमधून वाजते. एका अरुंद दुकानात एक गृहस्थ तांब्याच्या घंगाळावर मठारकाम करत बसले होते. घंगाळ डाव्या पायाने आणि हाताने थोडं थोडं फिरवायचं, उजव्या हाताने हातोडीचा ठोका. ठोक्यापाठी ठोका इतका एकसारखा की प्रत्येक खळगा आधीच्या खळग्याला चिकटून बसतो, मधे गुळगुळीत पत्रा राहतच नाही. नुसती नक्षी नव्हे ती. "ठोकल्यावर पत्रा कडक होतो," ते म्हणाले, "नाहीतर पाण्याने भरलं की पोटातून बाहेर येईल." मला वाटायचं मठारणं म्हणजे सजावट. चाळीस वर्षं आमच्या घरात घंगाळ होतं आणि मला हे माहीत नव्हतं.

पूर्वी तांब्याचे ठोकळे घरीच ठोकून पत्रा काढायचे. मुंबईहून तयार पत्रा गाडीने यायला लागला तशी ती मेहनत वाचली आणि धंदा वाढला. नाशिकची भांडी देशावर सगळीकडे गेली, तीही त्याच गाडीने. मग त्याच गाडीने स्टीलची भांडीही आली. त्यांनी हे काही रडून सांगितलं नाही. ठोके थांबवलेही नाहीत, बोलत बोलतच मारत होते. मी एक मठारलेला लोटा घेतला. किंमत विचारून मामी नंतर जे काही बोलल्या ते इथे लिहीत नाही.

भांडी बाजारातून गंगेवर उतरलो. पाणी चढलेलं. नाशिककर पूर मोजायला मीटर बघत नाहीत, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी त्याच्या पायाला आहे, गुडघ्याला आहे, छातीला आहे. त्या दिवशी पायाशी होतं. "छातीला आलं की मग बाजार उचलतात," फुलवाली म्हणाली. त्याहून वरची खूण म्हणजे नारोशंकराची घंटा. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथली ही पोर्तुगीज घंटा इकडे आली, आणि नंतर बांधलेल्या रामेश्वराच्या देवळाच्या कोटावर बसली. पाणी तिला टेकलं तर गावाचं काय झालं असेल ते सांगावं लागत नाही.

आणि वर, या सगळ्यावरून जाणारा व्हिक्टोरिया पूल. आता नाव अहिल्याबाई होळकर पूल. जुने लोक मात्र अजून व्हिक्टोरियाच म्हणतात. १८९५ चा. तोवर पावसाळ्यात पंचवटी आणि नाशिक ही नदीमुळे दोन वेगळी गावं व्हायची. ट्रामनंतर थोड्याच वर्षांत हा पूल झाला, म्हणजे त्या काही वर्षांत स्टेशनपासून काळारामापर्यंत सबंध रस्ता पहिल्यांदा बांधून तयार झाला. मी पुलाच्या कठड्याला रेलून उभा होतो; खालून पाणी, वरून रिक्षा, आणि पूल बसच्या चाकांखाली किंचित थरथरत होता. सव्वाशे वर्षांचा पूल, थरथरणारच.

मग परतीची पायपीट. पिशवीत लोटा, डोक्यावर छत्री. गंजमाळपर्यंत झकास गेलो. द्वारकेच्या चौकात रस्ता ओलांडायला बारा मिनिटं लागली. चार घोड्यांना हे जमलं नसतं. उपनगरच्या अलीकडे पाऊस वाढला, चप्पलचा पट्टा निसटला आणि ट्रामच्या मार्गाचा अभ्यास तिथेच संपला. सिटीलिंकच्या बसला हात केला. कंडक्टर म्हणाला, "कुठं?" मी म्हणालो, "स्टेशन." शेजारच्या आजी पदर सावरत दुसऱ्या बाईला सांगत होत्या, "नाशिकला गेले होते, आता घरी चालले."

संध्याकाळच्या गाडीला मामा सोडायला आले. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली तेव्हा नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर अशा तीन नगरपालिका एक झाल्या. कागदावर आता सगळं नाशिकच आहे. मी मामांना हे म्हणालो. ते म्हणाले, "कागद आम्हीच छापायचो. त्यावर काय लिहिलंय ते नंतर बघायचं."

इगतपुरीला गाडी थांबली. उतारावर बँकर नको, पण ब्रेक तपासल्याशिवाय घाटात सोडत नाहीत. खालून हातोडीचा ठक्, ठक् असा आवाज येत डब्याखालून पुढे गेला. मी मामींचा डबा उघडला. धपाटे होते, आणि कोपऱ्यात कागदाच्या पुडीत ठेचा. चहावाला आला तेव्हा या वेळी कप खाली ठेवला.